भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

१

लाउदोमियाबाईंचा सकाळचा फेरा कधी चुकला नाही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पायात मऊ सपाता, आणि मागे ओर्सोला, हातात झाडू नि तोंडात कुरकुर. आधी तळघरातलं तेल बघायचं, मग कोठीतलं पीठ, आणि मग जिना चढून भावाच्या खोल्या. भाऊ कार्डिनल. रोममध्ये कार्डिनलच्या खोल्या एका रांगेत असतात, एकीतून दुसरीत जायचं. पहिलीत पाहुण्यांचे नोकर ताटकळतात, दुसरीत पाहुणे ताटकळतात, तिसरीत ज्यांना थोडा मान द्यायचा ते ताटकळतात. चौथी खोली खुर्चीची.

ती प्रत्येक कार्डिनलच्या घरात असतेच. वर लाल रेशमी चांदवा, त्याच्याखाली पोपची तसबीर, आणि तसबिरीखाली उंच पाठीची मखमली खुर्ची. पोप कधी घरी आले तर त्यांनी बसायची. दुसऱ्या कुणी चुकूनही टेकू नये म्हणून तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचं, ही रीत. अठरा वर्षांत पोप काही आले नव्हते. अठरा वर्षं ओर्सोला त्या खुर्चीची पाठ तेवढी पुसत होती.

त्या दिवशी बाई चौथ्या खोलीत शिरल्या आणि थांबल्या. खुर्ची एका अंगाने वीतभर पुढे आली होती. एखाद्याने पाठ न वळवता मागे कोण आलं ते बघावं, तशी.

"ओर्सोला, खुर्चीला हात कुणी लावला?"

"मी नाही बाई. मी पाठ पुसते नि पुढे जाते. तिचं तोंड कसं आहे तेसुद्धा मला ठाऊक नाही."

"मग ती वाकडी कशी?"

ओर्सोलाने मान तिरपी करून बघितलं. "खुर्ची सरळ आहे. भिंतच वाकडी असेल. ही जुनी घरं अशीच."

बाईंनी हसू दाबलं, गुडघा लावला आणि खुर्ची जागच्या जागी ढकलली. हलकी गेली. पाचव्या खोलीत पडद्यांना कसर लागली होती, तो मोठा घोर होता. खुर्चीचं त्या विसरून गेल्या.

२

दुपारी भाऊ जेवायला बसला. चारचौघांत बाई त्याला सरकार म्हणत. दार लोटलं की मग "अरे" नि "तुरे". वाढायला तिबुर्त्सिओ उभा असायचा, खोल्यांचा कारभारी, चौतीस वर्षं चाकरीत असलेला जुना माणूस. त्याच्यासमोर काय लपवायचं?

"ताई, आज पाल्याच्या कोशिंबिरीत मीठ नाही."

"खारे मासे आहेत त्यात. पोप झालास की तुला हवा तसा आचारी ठेव."

"पोप झालो तर तू असशील ना वाढायला?"

"मी कुठे जातेय? आईच्या उशाशी बसून शब्द दिलाय, तुला सांभाळीन म्हणून. सुटका नाही तुझी."

पोप झालो तर, हे काही मनातले मांडे नव्हते. जून महिन्यापासून म्हातारे पोप वरच्या टेकडीवरच्या वाड्यात नुसत्या रश्शावर होते. रोममधल्या प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात पुढचा कोण याची चर्चा चाले आणि पहिलं नाव निघे कार्डिनल अस्कानिओ ब्रान्काल्दी यांचंच. विद्वान, गोड बोलणारे, कुणाशी वैर नाही. आणि वय सत्तर. म्हाताऱ्या माणसाला सगळे हसत मत देतात, फार वर्षं जागा अडवत नाही म्हणून. बाईंना आपल्या भावाची खात्री होती. ज्या खात्रीने त्या उन्हं बघून पीठ भिजवायला सांगत, तीच.

बाईंनी सहज खुर्चीचं काढलं. भाऊ मोठ्याने हसला.

"म्हणजे तिलाही कळलं म्हणायचं! वळायची तयारी करतेय."

"सरकार, वाळवी असेल," तिबुर्त्सिओ म्हणाला.

"तिबुर्त्सिओ, तू ना, देवदूत आला तरी त्याच्या पंखांना कसर बघशील."

तिघं हसले. पण दुसऱ्या सकाळी खुर्ची हातभर वळलेली होती.

३

लाउदोमियाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, पण त्यांना कुणी फसवून जावं असंही नव्हतं. त्यांनी शिंप्याचा खडू आणला आणि खुर्चीच्या चारी पायांभोवती रेघा ओढल्या. मग दोन्ही दारांना कुलूप लावून किल्ल्या स्वतःच्या उशीखाली घेतल्या. सकाळी रेघा जशाच्या तशा, कुठे पुसट नाहीत, आणि खुर्चीचे पाय त्यांच्या बाहेर.

त्यांनी तिबुर्त्सिओला बाजूला घेतलं.

"खरं सांग. तूच करतोस ना हे? लोकांना दाखवायला, की बघा, शकुन झाला, खुर्ची आपली आपण वळली?"

"बाईसाहेब, सुचलं असतं तर केलं असतं. कल्पना चांगली आहे."

"मग कोण?"

"फरशीला मेण जास्त झालंय. खालून गाड्या जातात, घर हादरतं, खुर्ची सरकते. मी उद्या मेण खरवडून घेतो."

हे बाईंना पटलं. पटावंसंच वाटत होतं. मेण खरवडलं. तिबुर्त्सिओने आणि त्यांनी दोन बाजूंनी धरून खुर्ची पुन्हा भिंतीशी लावली, पण लावताना बाईंची नजर पहिल्यांदा बैठकीवर गेली.

मखमल नवी ठेवणीतली. त्या मखमलीवर कुणी कधी बसलं नव्हतं. पण मधोमध ती दबलेली होती, आणि दोन्ही हातांवर, जिथे पंजे ठेवतात तिथे, तिची लव उलटी फिरली होती. बाईंनी बैठकीवर तळवा ठेवला. उबदार होती.

ऑगस्टचे दिवस. ऑगस्टात सगळंच तापतं, त्या मनाशी म्हणाल्या. मग त्यांनी तोच तळवा भिंतीला लावला. भिंत गार. खुर्चीच्या लाकडाला लावला. लाकूड गार. त्यांनी हात झग्याला पुसला आणि तिबुर्त्सिओला काही सांगितलं नाही.

रोममध्ये ऑगस्टातली दुपार मध्यरात्रीपेक्षा सामसूम. खिडक्यांच्या फळ्या ओढलेल्या, कुत्रीसुद्धा सावलीला पडलेली, अख्खं शहर वामकुक्षीला. त्या दिवशी बाईंचा डोळा लागला नाही. पाणी प्यायला उठल्या तर खोल्यांच्या रांगेतून बोलणं ऐकू आलं. भावाचा आवाज. सभेत बोलायचा तो, गोल, भरदार.

भाऊ बोलायचा. मग थांबायचा. मग कुणीतरी काही विचारल्यासारखा "हो, त्याचं असं झालं" म्हणून पुढे बोलायचा.

दुसरा आवाज नव्हता.

४

मग रोजचंच झालं. जेवण झालं की भाऊ चौथ्या खोलीत. बाई तिसरीत पडद्यामागे, हातात जपमाळ. कुणी बघितलं तर प्रार्थना चाललीय म्हणायला.

भाऊ आपलं आयुष्य सांगत होता. ओळीने, एक दिवस एक टप्पा. पेरुजा शहरात कायदा शिकला ते. मग समुद्राकाठच्या एका गावावर सुभेदार म्हणून पाठवलं ते. तिथल्या डोंगरात लुटारू माजले होते आणि त्याने दोन हिवाळ्यांत रस्ता मोकळा केला होता. ही गोष्ट तो पाहुण्यांना नेहमी सांगायचा, बाईंना पाठ होती.

"बावीस जणांना फाशी दिलं मी," भाऊ म्हणाला. "पण नंतर त्या रस्त्याने बायका एकट्या बाजाराला जायला लागल्या."

थांबला. बराच वेळ.

"हो. बरोबर. तेवीस. तो गिरणीवाला मी सांगत नाही सहसा."

बाईंच्या बोटात जपमाळेचा मणी तसाच राहिला. गिरणीवाल्याचं त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. चौतीस वर्षं सोबत असलेल्या तिबुर्त्सिओला नंतर विचारलं, तर त्याचा चेहरा उतरला. "बाईसाहेब, ते सरकारना आणि मला, दोघांनाच ठाऊक. आणि गिरणीवाल्याला."

म्हणजे भाऊ नुसता सराव करत नव्हता. कुणीतरी त्याच्या चुका काढत होतं.

आणि त्या आयुष्यात एक गोष्ट अशी होती, जी तिबुर्त्सिओलाही ठाऊक नव्हती. ती एकट्या लाउदोमियाबाईंना ठाऊक होती.

ब्रान्काल्दींचं घर डोंगरातलं, नाव मोठं नि चूल छोटी. घराण्याकडे एकच धड गोष्ट, मोठ्या चर्चमधलं वतन. ते काकाने थोरल्या पुतण्याच्या नावावर करून दिलं. थोरला म्हणजे अस्कानिओ, चौदा वर्षांचा. बिशपने स्वतः धर्मसेवेची खूण म्हणून त्याच्या डोक्यावरचे केस गोल कातरले, कागदावर त्याचं नाव चढलं. मधली लाउदोमिया, बाराची. धाकटा लिव्हिओ, दहाचा. त्याच ऑगस्टात ताप आला आणि तीन दिवसांत अस्कानिओ गेला.

माणूस गेला की वतन बिशपकडे परत. आणि दहा वर्षांच्या मुलाला ते मिळत नाही. वडील दुपारभर अंगणात फेऱ्या मारत राहिले. मग आत आले आणि म्हणाले, धाकटा गेला. काकाने स्वतः पुरलं, दगडावर नाव कोरलं, लिव्हिओ. पुढच्या रविवारी लिव्हिओचे केस गोल कातरून, थोरल्याच्या झग्याच्या बाह्या चार बोटं दुमडून, त्याला अस्कानिओ म्हणून उभा केला. महिन्याभरात मुलाला दूर शिकायला धाडलं. आई, वडील, काका, दाई, सगळे एकामागून एक गेले. शिक्षण अस्कानिओच्या नावावर, सुभेदारी अस्कानिओच्या नावावर, पोलंडच्या राजाकडची पोपची वकिली अस्कानिओच्या नावावर, कार्डिनलची लाल टोपी अस्कानिओच्या नावावर. वयाची ती चार जादा वर्षंही त्याचीच, ज्यांच्यामुळे आज तो पोप होण्याइतका म्हातारा ठरत होता.

छप्पन्न वर्षं बाईंनी भावाला नावाने हाक मारली नव्हती. खोटं नाव जिभेवर यायचं नाही आणि खरं नाव दगडावर होतं. भाऊ मात्र विसरला. दर ऑगस्टात तो धाकट्याच्या आत्म्यासाठी मेणबत्ती पाठवायचा आणि पाठवताना रडायचा. खोटं नाही, खरंच रडायचा.

५

पोप वारले. शहराची मोठी घंटा वाजायला लागली, जी एरवी कधी वाजत नाही. रीतीप्रमाणे तिबुर्त्सिओने शिडी लावून चांदव्याखालची तसबीर काढली. आता नव्या पोपची तसबीर येईपर्यंत तिथे न विटलेल्या रेशमाचा गडद चौकोन तेवढा राहिला. दहा दिवसांनी सगळे कार्डिनल स्वतःला कोंडून घेणार आणि आपल्यातल्या एकाला निवडणार.

खुर्ची आता पूर्ण वळलेली होती. दाराकडे तोंड करून, ऐसपैस.

"वळव ती," बाई म्हणाल्या.

तिबुर्त्सिओने ढकलली. हलली नाही. त्याने पालखीचे दोन भोई बोलावले, धट्टेकट्टे. तिघांनी खांदा लावला तेव्हा तिचे पाय फरशीवर करकरले आणि ती भिंतीकडे झाली.

"बाईसाहेब," एक भोई घाम पुसत म्हणाला, "आम्ही रोज सरकारना उचलतो. एवढ्याच वजनाची आहे बघा."

"गप. मखमल ओलावा धरते."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दाराकडे.

बाईंनी जेवताना भावाला सरळ विचारलं. "दुपारी कुणाशी बोलतोस?"

"पोपच्या खुर्चीत दुसरं कोण बसणार ताई? विचारतात, मी सांगतो. परीक्षा आहे ती." त्याने पीच कापून फोड दारूत बुडवली. मजेत होता. डोळ्यांखाली मात्र काळं आलं होतं. "आणि एक सांगू? इतकं लक्ष देऊन माझं आजवर कुणी ऐकलं नाही. पोलंडात थंडीने माझी दोन बोटं गेली ना, ते सांगितलं तर कोणत्या पायाची ते विचारलं. जणू त्यांनाच दुखत होतं."

"कुठवर आलास?"

"काल टोपीपर्यंत."

"आणि सांगून संपलं की?"

"संपलं की ते उठतील आणि मी बसेन." तो हसला. "तेच तर तुला हवंय ना?"

"उद्यापासून जाऊ नकोस तिथे."

"ताई, घाबरलीस? तू?"

"मी घाबरत नाही. मला आवडत नाही."

"पोप झालो की तुला आवडतील त्याच खोल्या ठेवू," भाऊ म्हणाला आणि रुमालाने तोंड पुसून उठला. दार उघडून गेलासुद्धा. त्याला अडवणारं रोममध्ये कुणी उरलं नव्हतं. बाईंनी फोडी झाकून ठेवल्या. आपला भाऊ दिवसेंदिवस आजच्या दिवसाच्या जवळ येतोय आणि आजच्या पुढे सांगायला त्याच्याकडे काही नाही, एवढं गणित त्यांना येत होतं.

६

दहाव्या दिवशी उन्हं कलली की मिरवणुकीने जायचं होतं. तिबुर्त्सिओने चांदीची भांडी आदल्याच दिवशी मठात नेऊन ठेवली होती. रोमची जुनी खोड आहे, ज्या कार्डिनलचा पोप होतो त्याचं घर लोक धुऊन नेतात, त्याला आता कशाला लागतं म्हणून. "एवढी खात्री?" बाईंनी विचारलं होतं. "पडदेसुद्धा काढणार होतो," तिबुर्त्सिओ म्हणाला होता.

दुपारी भाऊ चौथ्या खोलीत गेला. बाई पडद्यामागे.

"आणि आज मी इथे आहे," भाऊ म्हणाला. "एवढंच. सगळं सांगितलं."

शांतता. खाली अंगणात घोड्याने एकदा खूर आपटला.

"अस्कानिओ," भाऊ म्हणाला.

पुन्हा शांतता.

"अस्कानिओ ब्रान्काल्दी." आवाजातला गोलवा जरा कमी.

पुन्हा.

"अस्कानिओच. कागद बघा. बिशपची सही आहे." आणि मग, बाईंनी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, "माझा हात दुखतोय."

बाईंनी पडदा सारला.

फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. भाऊ खुर्चीपुढे गुडघ्यांवर. खुर्ची रिकामी. बाईंनी ते नीट बघितलं, डोळे अजून धड होते त्यांचे. मखमल, हात, पाठ, सगळं दिसत होतं, आणि तिथे कुणी नव्हतं. फक्त भावाचा उजवा हात पुढे ताणलेला होता, आणि त्याच्या झग्याची जाळीची बाही, जिला बाईंनी स्वतः खळ घातली होती, ती मनगटाशी आवळली गेली होती. घडी घडी होऊन. पाच ठिकाणी दबून.

भावाचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ निळे. लाउदोमियाबाईंच्या मनात त्या घटकेला ना पोप होता, ना टोपी, ना घराणं. आईच्या उशाशी बसलेली ती बारा वर्षांची पोर होती.

"दादा, सोड त्याला," त्या म्हणाल्या. "तो सांगणार नाही. त्याला आठवतच नाही. मी सांगते. हा लिव्हिओ. आपला लिव्हिओ. तुझं जे काही आहे ते घे आणि सोड त्याला."

बाही सैल झाली. घड्या एकेक करून उलगडल्या.

भाऊ थोडा वेळ तसाच राहिला, मान खाली. मग उठला. गुडघेदुखीमुळे तो नेहमी हात टेकून, कण्हत उठायचा. आता सरळ उठला. झगा झटकला, मनगट चोळलं, आणि दुपारच्या झोपेतून उठलेला माणूस बघतो तसं सगळीकडे बघितलं. चांदव्याकडे, फळ्यांकडे, स्वतःच्या सुरकुतलेल्या हातांकडे. हात त्याने उलटे करून बघितले, पुन्हा सुलटे केले. मग बाईंकडे बघितलं.

"लाऊ," तो म्हणाला. "किती म्हातारी झालीस ग!"

धाकटा त्यांना जन्मभर ताईच म्हणत आला. लाऊ म्हणणारा एकच होता, आणि त्याला मातीत जाऊन छप्पन्न वर्षं झाली होती.

"माझी टोपी कुठे ठेवलीय?"

बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. 

"ती खुर्ची वळवून ठेव," जाता जाता तो म्हणाला. चांगल्या, प्रसन्न आवाजात. "रीत आहे."

त्याची पावलं तिसऱ्या खोलीतून गेली, दुसरीतून गेली, पहिलीतून गेली. खाली लोकांनी जयजयकार केला. बाईंनी खुर्चीच्या पाठीला हात लावला. ढकलायलाच लावला होता. आणि मखमलीतून, अगदी जवळून, अगदी बारीक आवाज आला.

"ताई."

७

अकरा दिवस कार्डिनल आत कोंडलेले होते आणि अकरा दिवस लाउदोमियाबाई चौथ्या खोलीत. ओर्सोलाला वाटलं, बाई भावासाठी प्रार्थनेला बसल्यात. पण प्रार्थनेला बसलेलं माणूस दोन माणसांचं जेवण मागवत नाही.

"बाई, दुसरं ताट कुणाला?"

"तुला काय करायचंय? पाल्यात आज मीठ बेताचं घाल."

ताटं परत येत ती दोन्ही अर्धी खाल्लेली. ओर्सोला कुरकुरायची थांबली. झाडू घेऊन ती तिसऱ्या खोलीपर्यंत यायची आणि तिथूनच वळायची. तिबुर्त्सिओने दोनदा दार वाजवलं. "बाईसाहेब, आतून कुणी रडतंय का?" "घसा धरलाय माझा," बाई म्हणाल्या. खुर्ची त्यांनी वळवली नव्हती. रीत असेना का. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवणं त्यांच्या हातून होणार नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी नदीकाठच्या किल्ल्यावरून तोफा सुटल्या. पोप झाले. कोण झाले ते सांगायला कुणी यावं लागलं नाही, कारण पाठोपाठ गल्लीतून लोकांचा लोंढाच आला. दार फोडायची वेळ आली नाही, तिबुर्त्सिओने उघडूनच ठेवलं होतं. "या, या," तो म्हणत होता, "काचा सांभाळून." लोक हसत, ओरडत, एकमेकांना ढकलत वर चढले. पहिल्या खोलीतली बाकं गेली, दुसरीतले गालिचे, तिसरीतला पडदा कड्यांसकट. "ब्रान्काल्दींचा जय!" ओरडत एक बाई आरसा घेऊन पळाली.

चौथ्या खोलीत चौघं हमाल शिरले. चांदवा ओढून काढला. मग समोरून रिकामी दिसणाऱ्या खुर्चीला हात घातला. बाजूला बुटक्या तिवईवर एक म्हातारी मांडीवर बशी घेऊन बसली होती, तिच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"खिळे मारलेत काय हिला?"

"तू नुसता हात लावतोस. उचल!"

"उचलतोयच की! तुझ्या सासूसारखी आहे, हलत नाही."

मागच्या हमालाने पाठीला खांदा दिला, जोर लावायला पायाच्या बोटांवर उभा राहिला, आणि त्या उंच पाठीवरून त्याची नजर आत बैठकीवर गेली. त्याने खांदा काढला.  मग डोक्यावरची टोपी काढली. बाकीच्या तिघांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि आपापले हात खुर्चीवरून काढून घेतले.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे कोण?"

"माझा धाकटा भाऊ," लाउदोमियाबाई म्हणाल्या आणि घास वर धरला. "जेवतोय. तुम्ही बाकीचं खुशाल न्या."